वाघाच्या भीतीचा बंदोबस्त होणेबाबत

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

डॉ. अकोलनेरकरांची कादंबरी काल तिसऱ्यांदा वाचून संपवली. ‘वाघाशी शेकहँड’, पानं दोनशे बारा. ऑगस्टमध्ये मंचरच्या पुस्तक प्रदर्शनात पाऊस थांबेपर्यंत उभा होतो, तेव्हा हाताला लागली आणि आयुष्य बदललं. (हे वाक्य अभिप्रायात घेणे. पाऊस वगळणे.)

लेखक पुण्यातले मानसोपचारतज्ज्ञ आहेत. नायक निशांत, आयटीतला. त्याला लिफ्टमध्ये, मीटिंगमध्ये, सासऱ्यांच्या दिवाणखान्यात, जिथे तिथे वाघ दिसतो. वाघ अर्थात मनातला. त्यावर डॉक्टरांनी तीन पायऱ्या दिल्या आहेत: थांबा, श्वास सोडा, ओळख करून घ्या. दर प्रकरणात वाघ थोडा थोडा लहान होतो आणि शेवटच्या पानावर निशांतच्या पायाशी झोपतो. तिन्ही वेळा मला इथं भरून आलं.

पुस्तकाच्या शेवटी वाचकांना आवाहन आहे. तुमच्यात किंवा तुमच्या माणसांत काय बदल घडला ते कळवा, निवडक अभिप्राय दुसऱ्या आवृत्तीत छापू, अशा वाचकांना पुण्याच्या मेळाव्यात व्यासपीठावर बोलावू. मी बत्तीस वर्षं हायस्कूलला हेडक्लार्क होतो. व्यासपीठावरच्या खुर्च्या दरवर्षी मीच मांडून घेतल्या, पण त्यांवर बसण्याचा योग आला नाही.

प्रश्न एवढाच की बदल कुणात घडवायचा. मला स्वतःला भीती अशी नाहीच. पण देवानं घरातच केस दिली आहे. आमची वैजयंती वाघाला भिते.

इथं एक खुलासा. आमच्या बोरीत बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही. पेपरात बिबट्या, तोंडात वाघ. तालुक्यात तो आहे हे मलाही मान्य. पण आमच्या वस्तीवर मी तरी पाहिलेला नाही, आणि डॉक्टर पान १९ वर म्हणतात की न पाहिलेल्या गोष्टीची भीती शंभर टक्के मनाची निर्मिती असते.

संकल्प: एकवीस दिवसांत वैजयंतीचा वाघ तिच्या पायाशी झोपवणे. रोज नोंद. एकही दिवस चुकणार नाही.

६ नोव्हेंबर

दोन दिवस नोंद राहिली. पेन सापडत नव्हतं.

अभिप्राय क्र. १ टपालानं रवाना. सवयीनं जावक क्रमांक टाकला, बरा दिसला. त्यात केसची माहिती दिली. रुग्ण: सौ. वै., वय ५६. लक्षणे: संध्याकाळी पाचनंतर नातीला अंगणात खेळू न देणे, गोठ्यात जाताना मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावणे, उसाकडे पाठ न करणे, नातीच्या दप्तराला घुंगरू बांधणे.

नात म्हणजे आरोही, दुसरीत आहे. तिचे आईबाप, आमचा सुदर्शन आणि सूनबाई आरती, चाकणला कंपनीत. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे पोर आमच्याकडे. दर रविवारी येतात. तिच्या कोवळ्या मनावर आजीच्या भीतीचे संस्कार होऊ नयेत ही सगळ्यात मोठी काळजी आहे.

७ नोव्हेंबर. सायं. ६

पान ६४: कुबड्या काढून घ्या. दुपारी गोठ्याबाहेरचा मोठा दिवा काढून कपाटात ठेवला. दप्तराचं घुंगरू कापलं.

वैजयंतीनं कारण विचारलं. मी पान वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, शिडी आणली, दिवा परत लावला. शिडी मला धरायला लावली. दप्तराला आता दोन घुंगरं आहेत.

डॉक्टर म्हणतातच की सुरुवातीला रुग्ण प्रतिकार करतो.

९ नोव्हेंबर

शेजारच्या कुशाबाचा कुत्रा, डॉन, परवापासून दिसत नाही. कुशाबा सकाळी येऊन ओट्यावर बसला. सत्तरीचा माणूस, डोळे पुसत होता. साखळीचा तुकडा खुंटाला तसाच होता म्हणाला. मी त्याला समजावलं की कुत्र्यांनाही स्वातंत्र्याची ओढ असते. तो चहा न घेता गेला.

कुशाबा ही केस क्रमांक दोन. अभिप्राय क्र. २ मध्ये घेतली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

वस्तीवरच्या सातही घरांची काल आमच्या अंगणात बैठक झाली. सगळ्यांचं म्हणणं, वनखात्याकडून पिंजरा आणा. अर्ज अर्थातच मी लिहायचा. इथं रेशनकार्डापासून बारशाच्या पत्रिकेपर्यंत सगळं माझ्याच हातचं असतं, आणि मी लिहिलेलं कुणी वाचून बघत नाही. विश्वास हीच माझी कमाई.

रात्रभर विचार केला. पिंजरा आला म्हणजे भीतीला सरकारी मान्यता मिळाली. मग माझ्या एकवीस दिवसांचं काय? दुसरीकडे अर्ज न लिहिणं हा विश्वासघात झाला असता. शेवटी मध्यम मार्ग काढला.

“विषय: वस्तीवरील वाघाच्या भीतीचा बंदोबस्त होणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, आमच्या वस्तीवर वाघाच्या भीतीने उग्र स्वरूप धारण केले असून महिला व वृद्धांमध्ये तिचे प्रमाण लक्षणीय आहे. तरी योग्य त्या तज्ज्ञांमार्फत उपाययोजना व्हावी, ही विनंती.”

पिंजरा हा शब्द मुद्दाम घातला नाही. मागणी व्यापक असलेली बरी. सकाळी सातही घरांच्या सह्या घेतल्या. वैजयंतीनंही केली. ती म्हणाली, लवकर धाडा.

१५ नोव्हेंबर

चार नोंदी राहणार होत्या, तीनच राहिल्या. म्हणजे सुधारणा आहे.

ऊसतोड सुरू झाली. टोळी नदीच्या बाजूनं फड संपवत आमच्याकडे सरकते आहे. माझा दीड एकर घराला लागूनच, गोठ्याच्या मागं. कारखान्याच्या यादीत माझा नंबर सगळ्यांत शेवटी. टोळीचा मुकादम हौशीराम पाणी प्यायला आला होता. रोज एकेक फड मोकळा होतो तसं जनावर उरलेल्या उसात सरकतं, असं त्याचं म्हणणं. माझ्या उसाकडे बघून म्हणाला, “आता ह्योच एक आडोसा ऱ्हायला, भाऊ.”

वैजयंतीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. अशा बेजबाबदार बोलण्यानं माझं आठवडाभराचं काम वाया जातं.

१७ नोव्हेंबर

डॉक्टरांचं उत्तर आलं! कार्ड आहे. “आपला अभिप्राय मिळाला. आभारी आहोत. वाचक विभाग.” खाली सही. शिक्क्याची आहे, पण शिक्का जरा तिरका पडलाय, म्हणजे हातानं मारलेला. कार्ड फ्रेम करायला नारायणगावला टाकलं.

गाय दोन दिवस दूध कमी देते. दाव्याला हिसके मारते आणि सारखी मागच्या कुडाकडे बघत उभी राहते. गाईलाही वैजयंतीच्याच भीतीची लागण झाली असावी. अभिप्राय क्र. ४.

२० नोव्हेंबर. सकाळी ८

पाण्याच्या टाकीच्या नळाखाली चिखलात ठसे. चार बोटं, मागं गादी. पट्टीनं मोजले, साडेतीन इंच. आनंद झाला. ताबडतोब कुशाबाला हाक मारली की बाबा रे, तुझा डॉन जिवंत आहे, पाणी प्यायला येऊन गेला.

कुशाबा वाकला आणि तसाच मागं सरकला. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, यात नाहीत, असं म्हणाला. आपल्या कुत्र्याची नखं कधी कापली होती हे त्याला आठवत नसावं.

टाकीपासून आमच्या दारापर्यंत अंतर पावलांनी मोजलं. चौदा. उगाच मोजलं.

२२ नोव्हेंबर

वैजयंतीनं पाहिला. पहाटे झाडलोट करताना, उसाच्या बांधावर. ओरडली नाही. आत आली, दार लोटलं, चुलीपाशी बसली आणि मला चहा दिल्यावर मग सांगितलं. वाघीण आहे आणि मागं दोन पिल्लं आहेत.

रुग्णाच्या वाघाला पिल्लं झाली! पुस्तकात अशी केस नाही. निशांतच्या वाघाला अखेरपर्यंत पिल्लं होत नाहीत. अभिप्राय क्र. ६ तातडीनं रवाना केला आणि सुचवलं की दुसऱ्या आवृत्तीत यावर स्वतंत्र प्रकरण घालता येईल.

वैजयंतीनं विचारलं, अर्जाचं काय झालं. मी म्हणालो, प्रोसेसमध्ये आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सायं. ६.१५

एकविसावा दिवस उलटला. कोर्स आठवड्यानं वाढवला.

आज वैजयंती नारायणगावला बाजाराला गेली होती, तेव्हा दुसरा टप्पा घेतला. आरोहीला घेऊन उसाच्या बांधानं शंभर पावलं चालायचं, हसतखेळत. सव्वापाचला निघालो. घुंगरांचं दप्तर घरी ठेवलं.

ऊस हलत नव्हता. वारा पडलेला. चिमण्या, साळुंक्या कुणाचाच आवाज नाही. आरोही माझं बोट धरून पाढे म्हणत होती. मध्येच थांबली आणि विचारलं, “आजोबा, उसात कोण खातंय?”

मीही ऐकलं. काहीतरी कडाकडा मोडत होतं. तोडकरी ऊस खात असतील, असं मी तिला सांगितलं. तोडकरी चारलाच आपल्या झोपड्यांत, कोपीवर गेले होते हे मला माहीत होतं, पण पोरीला कशाला घाबरवा. तिच्या बुटाची लेस सुटली होती म्हणून आम्ही परत फिरलो. पावलं चाळीस झाली, वहीत शंभर धरली आहेत.

आरोहीच्या पायात चपला होत्या, हे आत्ता लक्षात आलं.

२५ नोव्हेंबर

वैजयंतीला पोरीनं सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. पिंजरा येईपर्यंत आरोही माझ्याबरोबर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, असं तिनं मला सांगायचं म्हणून भिंतीकडे बघून सांगितलं.

मी शांत राहिलो. श्वास सोडला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अकराला जीप आली. सगळी वस्ती धावली. कुशाबानं तर पिंजरा ठेवायची जागाही झाडून ठेवली होती.

जीपमधून एक तरुण मॅडम उतरल्या. आरोग्य खात्याच्या समुपदेशक. हातात फॉर्मचा गठ्ठा. आपला अर्ज वनखात्याकडून त्यांच्याकडे “उचित कार्यवाहीस्तव” आला आहे, भीतीचं प्रमाण मोठं असल्याचं कळलं, आपण एकेकाशी बोलू, असं म्हणाल्या. बिचाऱ्या फार गोड बोलत होत्या.

पहिला फॉर्म कुशाबाचा. त्यांनी विचारलं, कधीपासून भीती वाटते. कुशाबा म्हणाला, “वाघ आल्यापासनं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अर्ज काढून मोठ्यानं वाचला. सगळ्यांसमोर. विषयापासून सह्यांपर्यंत. त्यात चूक एकही नव्हती, भाषा शुद्ध होती. बायका एकेक करून उठल्या. साळुबाई, जिची तीन लेकरं रोज त्याच बांधानं शाळेला जातात, माझ्यापाशी थांबली आणि मला वाटलं काहीतरी बोलेल. ती पायाखालचं बघून पुढं गेली.

मॅडम जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काका, हे वनखात्याला फोन करून सांगा, आजच. मी म्हणालो, हो हो. मी त्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी वाचलेलं नव्हतं. या क्षेत्रातली माणसं वाचत नाहीत हे दुर्दैव.

२८ नोव्हेंबर

कुशाबा काल स्वतःच पुतण्याच्या गाडीवर मागं बसून ऑफिसात जाऊन आला. अर्ज नेला नाही. तोंडी सांगितलं, वाघ हाय, पिंजरा द्या. आज दोन वनरक्षक आले, ठसे बघितले, फोटो काढले. मादी आहे, पिल्लं आहेत, सांभाळून राहा म्हणाले. पिंजरे सगळे दुसऱ्या गावांत लावलेत, मंगळवारपर्यंत एक मोकळा होईल. तोवर पोरांना अंगणात सोडू नका, बाहेर पडताना आवाज करा, दिवा चालू ठेवा. म्हणजे सगळ्या कुबड्या. मी पान ६४ बद्दल विषय काढला, पण ते घाईत होते.

आता वस्तीवर माझ्याशी फक्त आरोही बोलते.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १.३०

आजचा दिवस सोन्यानं लिहावा. डॉक्टरांचं पत्र! स्वहस्ताक्षरात, दोन पानी.

माझे आठही अभिप्राय त्यांनी स्वतः वाचले. त्यांतला निवडक भाग दुसऱ्या आवृत्तीत छापणार. चौदा डिसेंबरला पुण्यात मेळावा, मला व्यासपीठावर खुर्ची आणि बोलायला पाच मिनिटं. विषयही त्यांनीच दिलाय: ‘मी वाघासमोर उभा राहिलो.’

एक परिच्छेद जसाच्या तसा उतरवतो. “इतके सलग आणि धाडसी रूपक वाचकाच्या पत्रात मी प्रथमच पाहिले. नाहीसा झालेला कुत्रा, ओल्या मातीतला ठसा, रोज कमी होत जाणारा ऊस आणि वाघिणीची पिल्ले! पत्नीची भीती म्हणून आपण स्वतःच्याच भीतीविषयी लिहीत आहात, हे जाणवून मी हेलावलो. हा वाघ आपलाच आहे, दादाभाऊ.”

थोडा गैरसमज झालेला दिसतो. ऊस खरा आहे. कुत्राही खरा होता. कळवावं का, असा विचार केला. पण एवढ्या मोठ्या माणसाला छपाईच्या तोंडावर दुरुस्त्या पाठवणं बरं दिसत नाही.

वैजयंतीला पत्र वाचून दाखवलं. तिनं विचारलं, डाक्टर पिंजऱ्याचं काय म्हणतात. काही म्हणत नाहीत म्हटलं. ती गोठ्यात गेली. गाणी लावून.

३० नोव्हेंबर, रविवार

सुदर्शन आणि आरती आले होते. त्यांना कुशाबानं रस्त्यातच सगळं सांगितलेलं. आरतीचं म्हणणं, आरोहीला आजच चाकणला नेते, शेजारणीकडे ठेवीन, रजा टाकीन, काहीही करीन. वैजयंतीनंही पोरीचे कपडे भरायला घेतले होते.

मी सगळ्यांना बसवून शांतपणे बोललो. मंगळवारी पिंजरा येतोय. दोन दिवसांसाठी शाळा बुडवायची? पळून जायचं? मी पुण्याला जाऊन पाचशे लोकांना सांगणार की मी वाघासमोर उभा राहिलो, आणि माझ्याच घरातली नात पळवून नेली, हे बरं दिसेल का? (हा शेवटचा मुद्दा मनातच ठेवला.) सुदर्शन घड्याळ बघत होता. त्याला रात्रीच्या शिफ्टला हजर व्हायचं होतं.

आरती रडायला लागली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मी आहे ना.”

ते चारला गेले. आरोही इथंच आहे.

संकल्प: चौदा तारखेपूर्वी रोज सायंकाळी दहा मिनिटं उसाकडे तोंड करून अंगणात उभं राहणं. भाषण अनुभवातून आलं पाहिजे.

१ डिसेंबर, सोमवार

आज काही लिहीत नाही.

२ डिसेंबर. सकाळी १०

कालच्या घटनेची रीतसर नोंद.

सायंकाळी ५.४० वाजता वस्तीवर वन्यप्राणी आला. वैजयंती व आरोही धार काढण्यासाठी गोठ्यात होत्या. मी अंगणात होतो. प्रसंगावधान राखून मी घराचं दार बंद केलं. त्यामुळे प्राणी घरात शिरू शकला नाही. आरडाओरडा ऐकून कुशाबा व इतर मंडळी फटाके घेऊन आली आणि प्राणी उसात गेला. कुणालाही इजा नाही.

अभिप्राय क्र. ९ साठी मसुदा म्हणून ठीक आहे.

दुपारी ४

पिंजरा आला. उसाच्या कडेला ठेवला, आत शेळी बांधली. ती आल्यापासून ओरडते आहे.

आरोही फोनवर आईला सांगत होती. मी पलीकडच्या खोलीत होतो. आजीनं वाघाला हाकललं, असं म्हणाली. तिकडून काहीतरी विचारलं असावं. मग म्हणाली, “आजोबा घर सांभाळत व्हते. त्यांनी वाघाला घरात येऊ नाय दिलं.” अगदी कौतुकानं सांगत होती. माझ्या मसुद्यात आहे तेच, जवळजवळ शब्दशः.

वैजयंतीनं तिच्या हातातून फोन घेतला आणि परसात जाऊन बोलली. काय बोलली ते ऐकू आलं नाही.

३ डिसेंबर. सकाळी ६

अभिप्रायासाठी उतरवून काढलेला मसुदा फाडला. ही वही कुणी वाचत नाही.

मी उसाकडे तोंड करून उभा होतो. भाषणाचं पहिलं वाक्य पाठ करत होतो. ती टाकीच्या आडून आली. आवाज आला नाही. आधी नव्हती, मग होती. निशांतच्या वाघापेक्षा खूप लहान. माझ्याकडे बघितलं आणि मान वळवून गोठ्याकडे बघत राहिली.

पहिली पायरी, थांबा, जमली असं म्हणता येईल. त्यानंतरचं आठवत नाही. मी घरात होतो आणि कडी लावलेली होती.

मग बाहेरून कळशी बडवल्याचा आवाज. वैजयंती पोरीला पाठीशी घालून, उलट्या पावलांनी गोठ्यातून दारापर्यंत आली असावी. तिची पाठ दारावर आपटली. ती म्हणाली, “अवं, दार उघडा. पोर हाय संगं.”

मी ऐकलं. कडी माझ्या हाताशी होती. ती परत म्हणाली, तेच, जरा हळू. हाक मारण्यासारखं नाही, मी आजारी असतो तेव्हा औषध घ्या म्हणते तसं. मी कडीला हात लावला आणि तो खाली घेतला. दाराला एवढी फट पडली असती, तेवढ्यातून वाघीणही आत आली असती. हा विचार मी तेव्हा केलेला आहे. वर ‘आठवत नाही’ लिहिलं ते खोटं, हे आठवतं.

तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही. नुसती कळशी वाजत राहिली, अगदी दाराला लागून, आणि आरोहीचं घुंगरांचं दप्तर घरात माझ्या पायाशी पडलेलं. किती वेळ ते माहीत नाही. फटाके वाजल्यावर, माणसांचे आवाज आल्यावर मी दार उघडलं. वैजयंती आत आली. तिच्या मुठीला सूज होती. तिनं पोरीला पाणी पाजलं, मलाही पाणी दिलं. पस्तीस वर्षांत ती मला इतकं कमी कधी बोललेली नाही.

मला फार लाज वाटते आहे.

४ डिसेंबर, गुरुवार. सायं. ६.४०

पिंजऱ्यात काही आलं नाही. वनरक्षक म्हणाले, मादी हुशार आहे, दिवस लागतील.

सकाळी वैजयंती आरोहीला घेऊन मढला भावाकडे गेली. सुदर्शन गाडी घेऊन आला होता. माझ्याशी नीट बोलला, जेवणाखाण्याचं विचारलं. त्यानं ओरडायला हवं होतं. आरोहीनं मला सांगितलं की आजोबा, तुम्ही घर सांभाळा. वैजयंतीनं एवढंच सांगितलं की धार पाचला काढा, उशीर झाला तर गाय आटेल.

डॉक्टरांना पत्र लिहिलं. चौदा तारखेला प्रकृतीच्या कारणास्तव येऊ शकत नाही. जावक क्रमांक टाकला नाही.

पाच वाजता दारापर्यंत गेलो. सव्वापाचला पुन्हा गेलो. साडेपाचला गाय हंबरायला लागली. तिकडे पिंजऱ्यातली शेळी. सहाला कुशाबाला फोन केला, अंगात कणकण आहे, तेवढी धार काढून देता का म्हणून विचारलं. तो बरं म्हणाला. तिरकस काही बोलला नाही.

आला तो काठी आपटत, घसा फाडून गाणं म्हणत. सत्तरीचा माणूस, एकटा. गोठ्यातला दिवा लागला. गाय गप्प झाली. मग पावलं दाराशी आली.

“दादाभाऊ, दार उघडा. दूध हाय.”

मी आतूनच म्हणालो, पायरीवर ठेवा.

मग किटली ठेवल्याचा आवाज आला आणि गाणं लांब गेलं. दूध अजून पायरीवर आहे. सकाळी ऊन चांगलं वर आलं की आत घेईन.